बिनआवाजाचा जावई

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला एसटीने जायचं की बोटीने, एवढाच प्रश्न होता. प्रभूने एसटी म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो. पण प्रभू बोट म्हणाला.

तसं त्याचंही चूक नव्हतं. प्रभू धरणावर पाटबंधारे खात्याची बोट चालवायचा. पांढरी, फायबरची, साहेबांना पाणी दाखवण्यासाठी घेतलेली (पाणी काठावरूनही दिसायचं, पण साहेबांना ते जवळून बघायचं असे). त्याची सासुरवाडी म्हणजे टेकवाडी, बरोबर पाण्याच्या पल्याड. एसटीने जायचं तर औंढ्याला गाडी बदला, फाट्यावर उतरा आणि मग मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर रुमाल टाकून चालत सुटा. बोटीने मात्र नाकासमोर. शिवाय साल होतं एकोणीसशे नव्व्याण्णव. हिंगोली जिल्हा नुकताच जन्माला आला होता आणि खात्यातले सगळे साहेब परभणीच्या पाट्या उतरवून हिंगोलीच्या रंगवून घेण्यात बुडाले होते. बोट कुठे फिरते हे बघायला कुणाला सवड नव्हती.

अडचण होती ती बोटीच्या शेपटाची. बोटीचं इंजिन आत आणि पंखा बाहेर पाण्यात. पंख्याचा तो लोखंडी सांगाडा बोटीच्या मागे लोंबत असतो. कागदोपत्री त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणायचे, प्रभू शेपूट म्हणायचा. इंजिनाचा दांडा बोटीच्या मागच्या भिंतीतून शेपटात जातो, आणि त्या भिंतीत एक बेअरिंग असतं. हे बेअरिंग झिजलं होतं. बोट सरळ जाताना गुरगुरायची आणि वळायला लागली की असा हंबरडा फोडायची की काठावरची माणसं कोण गेलं म्हणून चौकशी करायची.

मागच्या धोंड्याला, म्हणजे तीन सालांपूर्वी, प्रभू असाच बोटीने सासुरवाडीला गेला होता. सासरे ज्ञानबा मेंढरांना पाणी पाजत काठावर उभे होते. प्रभूने जावयाला शोभेल असं ऐटबाज वळण घेतलं. बोट बोंबलली. मेंढरं उधळली ती उधळलीच. कळप गोळा करता करता ज्ञानबांच्या तोंडाला फेस आला. एक मेंढी म्हणे साखऱ्याच्या शिवारात सापडली, आणि तीही स्वतःहून परत यायला तयार नव्हती.

त्या दिवसापासून ज्ञानबा जावयाशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, शिव्या नाहीत. प्रभू समोर बसला असला तरी ते बायकोकडे बघून म्हणायचे, "चंद्रभागे, त्यांना म्हणावं, पाणी घ्या." चंद्रभागाबाई म्हणायच्या, "जावईबापू, पाणी घ्या म्हणतेत." प्रभू म्हणायचा, "मामी, घेतलं म्हणावं." प्रभूला बाप आठवत नव्हता. लग्न ठरलं तेव्हा बायकोपेक्षा सासरा मिळाला याचाच आनंद त्याला जास्त झाला होता (हे त्याने दीपमालाला सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं). तेव्हा हे मधल्या माणसातर्फे पाणी पिणं त्याला फार लागायचं. त्यानंतरही तो दोन-चारदा बोटीने गेला, पण हंबरडा लांबून ऐकू आला की ज्ञानबा कळप घेऊन टेकडीमागे निघून जायचे.

दीपमाला या वेळी आठ दिवस आधीच माहेरी निघाली. निघताना पिशवी खांद्याला लावून दारात थांबली.

"अवो, बाबा थकले आता. पुढचा धोंडा परत तीन सालांनी. तवर कोण हाय, कोण न्हाई. ह्या डावाला त्यांनी तुमच्याशी सोताच्या तोंडानं बोलायला पायजे. तुमी एसटीनं या."

"बोट बोंबलली न्हाई तर?"

"ती कवा बोंबलायची राहिली?"

"बेअरिंग बदलतो मी."

दीपमालाने नवऱ्याकडे पाहिलं. मग पत्र्यावर पाहिलं, कारण नवऱ्याने दुरुस्त केलेला स्टोव्ह भडकून उडाला तो अजून तिथेच होता. एसटीची वेळ झाली होती.

प्रभू नांदेडला जाऊन बेअरिंग घेऊन आला. येताना कळमनुरीपर्यंत ते मांडीवर ठेवून बसला होता आणि शेजारच्या बाईने लेकरू म्हणून दोनदा सरकून जागा दिली. आता जुनं काढायचं. त्यासाठी आधी शेपूट उतरवावं लागतं. ते काम त्याने शेजारच्या रत्नपालला आणि धरणावरच्या आणखी दोघांना मदतीला घेऊन केलं. रत्नपाल खात्यात कारकून. बोटीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचू शकणारा खात्याच्या कॉलनीतला तो एकटाच, त्यामुळे तो पुस्तक धरून उभा राहायचा आणि एखादा नट निघाला की गंभीरपणे "निघाला" म्हणायचा.

शेपूट ठेवायचं कुठे? गोदामात परभणीच्या उतरवलेल्या पाट्या भरलेल्या. काठावर ठेवावं तर धूळ. शेवटी चौघांनी ते खांद्यावर घेतलं, प्रभूच्या घरी आणलं आणि बाजेवर आडवं केलं. धूळ बसू नये म्हणून प्रभूने त्यावर दीपमालाची पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत पांघरली. मग सगळे चहाला गेले आणि प्रभू बाजेशेजारी कपाळाला हात लावून बसला. कोणता नट कुठला हे त्याला आठवेना.

तेवढ्यात रत्नपालची बायको संध्या वाटीत भाजी घेऊन आली. बायको माहेरी गेलेला माणूस जेवला की नाही हे बघणं तिला आपलं काम वाटायचं. दारातच तिचे पाय थबकले. बाजेखाली काळं काहीतरी ठिबकत होतं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "कवा?"

"सकाळी," प्रभू मान वर न करता म्हणाला. "चौघं लागले उचलायला."

"दीपमालाला कळवलं?"

"तिला काहून कळवायचं? उगं रडत बसल." (त्याच्या मनात चादर होती.)

"तरी... घरचं माणूस म्हणून..."

"न्हाई वहिनी. दोन दिवस इथंच ठिवतो. मंग बघू."

संध्याने वाटी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. थोड्या वेळाने वॉचमनची बायको कमलबाई चार जणींना घेऊन आली, उंबऱ्यात बसली आणि तिने सूर लावला. प्रभूला गहिवरून आलं. खात्याच्या बोटीवर कॉलनीचा इतका जीव आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. तोही डोळे पुसू लागला. मग चहा पिऊन रत्नपाल आला, रडणाऱ्या बायकांमधून वाट काढत बाजेपाशी गेला आणि पंखा नीट आहे ना हे बघायला त्याने पायाकडची चादर वर केली.

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की कमलबाईने प्रभूला जे जे म्हटलं त्यातला निम्मा भाग त्याला उद्देशून होता आणि निम्मा त्याच्या पूर्वजांना.

जुनं बेअरिंग ओढून काढण्यात दुसरा दिवस गेला. मग रत्नपालने पुस्तकातून वाचून जाहीर केलं, "नवीन बेअरिंग थंड करायचं. थंडीनं ते अंग चोरतं आणि खाचेत सरकतं. गरम असलं तर जाणार नाही." कॉलनीत फ्रिज एकच, संध्याचा. ज्या माणसाने आपल्याला लोखंडासाठी रडायला लावलं त्याला फ्रिज द्यायचा का, यावर तिने एक संध्याकाळ विचार केला. शेवटी दिला. पण बेअरिंग डब्यात हवं, डब्याला झाकण हवं आणि दुधापासून लांब हवं.

तिसऱ्या दिवशी प्रभू गारठलेला डबा कापडात गुंडाळून बोटीकडे निघाला. आता आपल्याकडे हातात डबा घेऊन चाललेल्या माणसाला न थांबवता पुढे जाऊ देणं म्हणजे त्याचा अपमान. आणि थांबवलेल्या माणसाने न बोलता जाणं म्हणजे आपला.

"काय प्रभू, डब्यात काय?"

"बेअरिंग."

"बघू बघू."

झाडाखाली बसलेल्या मंडळींनी बेअरिंग बघितलं. एकाने ते गालाला लावलं आणि "आहाहा" केलं. दुसऱ्याने मानेवर ठेवलं. मग ते ज्याला त्याला हवं झालं. उन्हाचा कडाका असा होता की माणसांना दोष देववेना. पुढे पंपावरचा संतराम भेटला, त्याच्या म्हाताऱ्या आईचं डोकं उठलं होतं, तिच्या कपाळावर थोडा वेळ ठेवलं. बोटीपर्यंत पोचलं तेव्हा बेअरिंग इतकं तापलं होतं की म्हातारीच्या डोक्यातला सगळा ताप त्यातच उतरला असावा. खाचेत ते गेलं नाही. प्रभूने लाकूड ठेवून हातोडा मारला. ते उसळून त्याच्या पायावर आलं.

चौथ्या दिवशी औंढ्याचा कुल्फीवाला भावसिंग सायकलची घंटा वाजवत कॉलनीत आला आणि प्रभूच्या डोक्यात उजेड पडला. भावसिंगची पेटी बर्फ आणि मिठाने भरलेली. तिच्यापुढे फ्रिज म्हणजे काहीच नाही. प्लास्टिकमध्ये बांधलेलं बेअरिंग कुल्फीच्या नळ्यांमध्ये खोचलं आणि वरात बोटीकडे निघाली. पुढे सायकल, मागे प्रभू, त्याच्यामागे पुस्तक घेतलेला रत्नपाल आणि सगळ्यांच्या मागे कुल्फीसाठी जमलेली अर्धी कॉलनी. एका गिऱ्हाइकाला कुल्फीच्या जागी चुकून बेअरिंग मिळता मिळता राहिलं.

आणि या वेळी बेअरिंग गेलं. ग्रीस जायचं भोक भिंतीतल्या भोकासमोर आणून प्रभूने लाकडावर दोन हलके ठोके मारले आणि ते आपल्याच घरात शिरावं तसं आत सरकलं. रत्नपाल पुस्तकात बघून "गेलं" म्हणाला. प्रभूने आयुष्यात हाती घेतलेलं काम बरोबर होण्याची ही पहिली वेळ होती. त्याला भीती वाटली.

शेपूट परत चढवून त्याने बोट पाण्यात फिरवली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. हंबरडा नाही, गुरगुर नाही. इंजिन चालू आहे का हे बघायला झाकणावर हात ठेवावा लागला. प्रभू मधोमध बोट उभी करून एकटाच बराच वेळ बसून राहिला. आता मामा बोलतील, असं त्याला मनापासून वाटलं.

धोंड्याच्या जेवणादिवशी त्याने पांढरा शर्ट, पांढरी पँट असा थाट केला, केसांना तेल लावून भांग पाडला आणि निघाला. वारा समोरून होता. टेकवाडीच्या अलीकडे खडकाचं एक टोक पाण्यात घुसलेलं आहे, त्याला वळसा घातला की गावाचा काठ. प्रभूने इंजिन आणखी हळू केलं. मामा काठावर उभे असतील, बोट आवाज न करता समोर येईल, ते बघतच राहतील, असं चित्र त्याने मनात काढलं होतं. त्याने वळण घेतलं.

चित्र अगदी तसंच निघालं. फक्त ज्ञानबा काठावर नव्हते. ते कमरेएवढ्या पाण्यात होते, आणि त्यांच्याभोवती सगळा कळप होता. पुढच्या आठवड्यात कातरणी होती, त्याआधी मेंढरं धुवावी लागतात. गेली तीन वर्षं बोटीची बोंब मैलभर आधी कानावर यायची आणि ज्ञानबा जनावरं बाजूला घ्यायचे. आज ते निवांत होते.

प्रभूने चाक गरकन फिरवलं. बोट मुकाट्याने वळली, मेंढरांच्या बाजूने सरकली आणि काठाच्या गाळात शिरून थांबली. प्रभू थांबला नाही. तो बोटीच्या नाकावरून पुढे गेला आणि पांढऱ्या थाटासकट कमरेपर्यंत गाळात उभा राहिला. मेंढरं या वेळी उधळली नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली.

ज्ञानबांच्या काखेत एक मेंढी होती. ती तशीच धरून ते ओरडले, "आवाज काहून न्हाई केला?"

प्रभूने मागे वळून पाहिलं. मामी तिथे नव्हत्या. दीपमालाही नव्हती.

"मला म्हणता का?" त्याने विचारलं.

"मंग काय ह्या मेंढीला? पंख्यात लेकरं सापडली असती माझी! आदी बोंबलत यायचे तेच बराबर होतं. लांबून कळायचं तरी!"

"मामा, मी बेअरिंग बदललं."

"कोणी सांगितलं होतं?"

"तुमच्यासाठीच केलं. तुमी बोलावं म्हणून."

ज्ञानबांनी काखेतली मेंढी सावरली. मेंढीनेच काय ते एकदा बें केलं. तीन सालांचा मुक्काम सोडून बाहेर पडलेलं आपलं बोलणं परत आत घेता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. शिवाय समोर जावई गाळात उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हाताऱ्याचा आवाज उतरला.

"तीन सालं ह्याच्यासाठी झुरले व्हय तुमी? येडे का काय." त्यांनी मेंढी सोडली आणि हात पुढे केला. "या हिकडं. असे घरी गेले तर तुमची मामी पाय धुवायला तांब्या घेऊन बसली हाय, तिला नदी आणावी लागल."

त्यांनी प्रभूला गाळातून ओढलं, पाण्यात नेलं आणि धुतलं. पण हाताला जी सवय असते ती असते. एका काखेत प्रभूची मान, दुसऱ्या हाताने पाठ खसखसा, पोट खसखसा, कानामागे बोट घालून मळ, मग दोन बुचकळ्या. तोंडाने चालूच, "हं, थांब, थांब, झालं बाळा, झालं, हलू नको." प्रभू अजिबात हलला नाही. एवढं प्रेमाने त्याच्याशी उभ्या जन्मात कोणी बोललं नव्हतं. नाकात पाणी गेलं तरी तो बोलला नाही. शेवटी ज्ञानबांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, काठाकडे ढकललं, कनवटीच्या पिशवीत काहीतरी टाकलं आणि पुढची मेंढी धरली.

दुपारी जेवण थाटात झालं. पाट, रांगोळी, औक्षण, नवीन कपडे. चंद्रभागाबाई अनारशांचं ताट घेऊन आल्या, आणि ज्ञानबा स्वतः म्हणाले, "घ्या जावईबापू, लाजू नका." चंद्रभागाबाई सवयीने "घ्या म्हणतेत" म्हणायला तोंड उघडून तशाच राहिल्या. दीपमाला स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. पुरण भरलेले धोंडे प्रभूने किती खाल्ले हे विचारू नका. आग्रह मामांचा होता.

दिवस कलला तसा कळप वाड्यापाशी आला. ज्ञानबा दाराशी उभे राहिले. एक मेंढरू आत गेलं की पिशवीतला एक खडा खाली टाकायचे. धुताना एकेक खडा पिशवीत, आत घेताना एकेक खडा बाहेर. त्यांच्या बापाची हीच रीत होती. शेवटचं मेंढरू आत गेलं. ज्ञानबांनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. एक खडा उरला होता.

"एक मेंढरू कमी हाय," ते म्हणाले.

परत मोजलं. परत एक खडा उरला. ज्ञानबा तो खडा हातात घेऊन दारातच बसले. प्रभू पाण्याकडे बघू लागला. बोट मेंढरांच्या बाजूने गेली तेव्हा एखादं बुडालं असेल का? आज कुठे सासरे बोलायला लागले होते.

"मामा, तुमी बसा. मी बघून येतो," तो म्हणाला आणि नवीन कपड्यांनिशी पाण्याकडे धावला. बोट गाळातून ढकलून काढली. काठाकाठाने, खडकाच्या टोकापर्यंत, बाभळींच्या आत वाकून वाकून, घसा बसेपर्यंत "हिर्र, हिर्र" करत त्याने ते मेंढरू शोधलं. बोट शहाण्यासारखी आवाज न करता त्याच्याबरोबर हिंडली. मेंढरू मिळालं नाही. अंधार पडायच्या बेताला तो परत आला तो मान खाली घालूनच.

वाड्यात सगळे बसलेले होते. ज्ञानबांच्या तळहातावर तो उरलेला खडा होता.

"न्हाई सापडलं मामा," प्रभू म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "माझीच चूक. वाट्टंल ते बोला मला."

दीपमालाने पदराने तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. प्रभूला वाटलं ती रडते आहे. चंद्रभागाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"चंद्रभागेनं विचारलं मला," ज्ञानबा सावकाश म्हणाले, "की सकाळी कोणाकोणाला धुतलं."

प्रभू उभाच राहिला. मग त्याला समजलं. मग तो खाली बसला.

"टाकून द्या मामा तो खडा," तो कसाबसा म्हणाला.

"काहून टाकू? धुतलंय ते मोजलंय." ज्ञानबांनी खडा परत पिशवीत घातला आणि गाठ मारली. "कळपात धरलं तुमाला. फकस्त लोकर न्हाई निघायची, हे ध्यानात ठिवावं लागल." मग त्यांनी दुपारच्या उरलेल्या धोंड्यांच्या टोपलीकडे नजर टाकली, जी जवळजवळ रिकामी होती. "चारा मात्र दोघांचा लागतो."

प्रभूने शेवटचा धोंडा उचलला होता, तो त्याने थोडा विचार करून खाल्ला.